चित्रातून सुटायची वाट

राजकीय व्यंगचित्रावरून वाद पेटला की त्यात बोलली जाणारी वाक्यं आधीच ठरलेली असतात. एका बाजूने येतं: भावना दुखावल्या, पदाचा अवमान झाला, देश अस्वस्थ असताना असली चित्रं काढायची गरजच काय? दुसऱ्या बाजूने येतं: अहो, नुसतं चित्र आहे, हसा आणि सोडून द्या. ही दुसरी बाजू बहुतेक वेळा माझीही असते. पण तीच बाजू पुढच्या दमात सांगते की व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यापुढे सिंहासनं हलली आहेत आणि हुकूमशहांची झोप उडाली आहे. ही दोन विधानं एकत्र नांदूच शकत नाहीत. ज्याने सिंहासन हलतं ते 'नुसतं' नसतं; आणि जे हसून सोडण्याइतकं हलकं आहे त्यासाठी तुरुंगात जायची तयारी कोण आणि का ठेवेल? पहिल्या बाजूची गतही वेगळी नाही. चित्रामुळे समाज पेटेल म्हणणारे लोक, समाज ज्या कारणांनी पेटायला आलेला असतो त्या कारणांबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. उलथापालथीच्या काळात व्यंगचित्राचा परिणाम खरा असतो, मोठाही असतो, पण तो आपण शोधतो तिथे नसतो. व्यंगचित्र सहसा कुणाचं मत बदलत नाही. हजारो लोकांच्या मनात जे अर्धवट, अबोल पडलेलं असतं त्याला ते एक चेहरा देतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इतरांनाही हेच दिसतंय हे प्रत्येकाला कळवतं. राज्यकर्त्याला ते सोसवत नाही ते याच कारणाने. आणि एखाद्या दुबळ्या समाजगटावर ते रोखलं गेलं की त्याच्या जिवावर बेततं तेही याच कारणाने. म्हणून सरकारचा हात व्यंगचित्रावर पडता कामा नये असं मी म्हणतो, आणि चित्रकाराला 'गंमत केली' ही सबब मिळता कामा नये असंही म्हणतो.

आधी विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. व्यंगचित्राने काहीही होत नाही, हा तो मुद्दा. याला जर्मनीइतका मोठा पुरावा दुसरा नसेल. 1920 च्या दशकात जर्मन व्यंगचित्रकला जगात अव्वल होती. म्युनिकचं 'सिम्प्लिसिसिमस' साप्ताहिक 1896 पासून कैसर, सेनाधिकारी, धर्मगुरू यांची सालटी काढत आलं होतं आणि हिटलरलाही त्याने सोडलं नव्हतं. उपयोग काय झाला? 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, साप्ताहिकाचा संस्थापक चित्रकार थॉमस थिओडोर हाइने ज्यू असल्यामुळे देश सोडून पळाला, आणि उरलेल्या मंडळींनी मान तुकवून तेच साप्ताहिक पुढे अकरा वर्षं चालवलं. याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, त्याच 1933 साली हिटलरच्या परदेशी प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या एर्न्स्ट हान्फश्टेंगलने हिटलरवरच्या जगभरातल्या व्यंगचित्रांचा संग्रह स्वतःच छापला. प्रत्येक चित्राखाली 'खरी परिस्थिती' लिहून. चित्रांची धार त्यांनी आपल्याच प्रचाराला लावली. हे सगळं मान्य करायला हवं. कुंचल्याने फॅसिझम रोखल्याचं एकही उदाहरण इतिहासात नाही.

पण मग त्याच राजवटीला इंग्लंडमधल्या एका चित्रकाराचा इतका राग का होता? डेव्हिड लो लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये हिटलर-मुसोलिनीची चित्रं काढायचा. 1937 मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले तेव्हा गोबेल्सने त्यांच्याकडे लोच्या चित्रांबद्दल तक्रार केली, आणि हॅलिफॅक्स यांनी परतल्यावर लोने जरा सबुरीने घ्यावं असा प्रयत्नही केला. एका महासत्तेचा प्रचारमंत्री दुसऱ्या महासत्तेच्या मुत्सद्द्याशी बोलताना एका वर्तमानपत्री चित्रकाराचा विषय काढतो, याचा अर्थ काय लावायचा? लोने स्वतः याचं उत्तर दिलं आहे, आणि व्यंगचित्राबद्दल मी वाचलेल्या विचारांत ते सगळ्यात शहाणपणाचं आहे. त्याचं म्हणणं असं की हुकूमशहाला रक्ताच्या थारोळ्यातून चालणारा अक्राळविक्राळ राक्षस म्हणून रंगवलं तर तो खूशच होतो; दरारा हेच तर त्याचं भांडवल. त्याला मूर्ख, फुगीर, हास्यास्पद माणूस म्हणून दाखवलं की ते झोंबतं. म्हणजे मोजायचं असेल तर हे मोजा: राज्य गेलं का, हे नव्हे, दरारा उतरला का.

या दृष्टीने फ्रान्समधली नासपतीची गोष्ट पुन्हा वाचावी लागते. 1830 च्या जुलै क्रांतीनंतर गादीवर आलेल्या लुई-फिलिप राजाचं डोकं वर निमुळतं आणि गालाशी रुंद होतं. शार्ल फिलिपोन या संपादक-चित्रकाराने ते नासपतीच्या आकारात बसवलं. 1831 च्या नोव्हेंबरात राजाच्या अवमानाच्या खटल्यात उभा असताना त्याने न्यायाधीशांसमोर चार रेखाटनं काढून दाखवली: पहिलं हुबेहूब राजाचं, शेवटचं निव्वळ नासपतीचं. यातलं नेमकं कितवं चित्र गुन्हा, ते सांगा, असं त्याने विचारलं. पहिलं धरलं तर दुसरंही धरावं लागेल, आणि मग देशातल्या सगळ्या नासपती तुरुंगात टाकाव्या लागतील. युक्तिवाद बिनतोड होता आणि न्यायालयाने तो फेटाळला. फिलिपोनला सहा महिने कैद आणि 2000 फ्रँक दंड झाला. त्याचा सहकारी ओनोरे दोमिये यालाही, राजाला जनतेचे कर गिळणारा राक्षस म्हणून दाखवल्याबद्दल, सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण तोवर पॅरिसमधली पोरंटोरं भिंतींवर खडूने नासपती काढायला लागली होती.

ही गोष्ट सांगणारे इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात. मला पुढचं सांगायचं आहे. लुई-फिलिप त्यानंतर सोळा वर्षांहून जास्त राज्यावर राहिला. त्याला 1848 मध्ये पळावं लागलं ते पडलेली पिकं, महागाई, बेकारी आणि मताधिकार वाढवायला दिलेला ठाम नकार यांमुळे. नासपतीने त्याला पाडलं नाही. मग तिने केलं काय? भिंतीवर नासपती काढणाऱ्या पोराला कुठल्याही कायद्याने धरता येत नव्हतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती कुणाची आहे हे कळत होतं. 'राजा आपल्याला फसवतोय असं मलाच वाटतं की काय' ही एकेकट्या माणसाची शंका त्या आकाराने संपवली. हुकमत टिकते ती पुष्कळदा या एकटेपणावर. लोकांना राग असतोच. पण तो राग शेजाऱ्यालाही आहे की नाही हे ठाऊक नसल्यामुळे सगळे गप्प बसतात. चित्र ती मौनाची भिंत फोडतं. क्रांती त्यानंतर होईल किंवा होणार नाही, ते पोटावर, सैन्यावर आणि संघटनेवर ठरतं.

न्यूयॉर्कची नगरपालिका लुटणारा राजकीय 'बॉस' विल्यम ट्वीड याच्या पाडावाचं श्रेयही असंच एकट्या व्यंगचित्रकार थॉमस नास्टला देऊन टाकलं जातं. 'माझे मतदार वाचू शकत नाहीत, पण ही चित्रं तर त्यांना दिसतातच' अशा अर्थाचं ट्वीडच्या नावावर खपणारं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते तो खरोखर म्हणाला असो वा नसो, 1871 च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नगरपालिकेच्या हिशेबाच्या वह्याच छापल्या होत्या, हे विसरून चालत नाही. वह्या नसत्या तर नास्टचा फुगलेला, हिऱ्याची पिन लावलेला ट्वीड हा एका चित्रकाराचा आकस ठरला असता. आणि नास्ट नसता तर ते आकडे आतल्या पानावर पडून राहिले असते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ट्वीडच्या टोळीचा धुव्वा उडाला, तरी ट्वीड स्वतः आपल्या मतदारसंघात निवडूनच आला. एवढा बारकावा लक्षात ठेवला की चित्राची ताकद नेमकी किती, याचा अंदाज येतो. पुढे तो तुरुंगातून निसटून स्पेनला पळाला आणि तिथे नास्टच्या चित्रावरून ओळखला गेला असं सांगतात.

चित्र किती काळ टिकतं, याचं उत्तर नेपोलियन देईल. जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने त्याला इंग्रजांसाठी बुटका, थयथयाट करणारा पोरगा करून ठेवलं. प्रत्यक्षात त्याची उंची साधारण 168 सेंटिमीटर होती, त्या काळच्या फ्रेंच पुरुषाच्या मानाने अगदी सर्वसाधारण. आज दोनशेहून अधिक वर्षांनी, ज्याने गिलरेचं नावही ऐकलेलं नाही त्यालाही नेपोलियन बुटका होता हे 'माहीत' असतं. त्या काळातला एकही लेख, एकही भाषण इतकं पुरून उरलेलं नाही. आणि इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण स्वातंत्र्याच्या बाजूचे लोक ती टाळतात: गिलरेला इंग्लंडच्या सरकारपक्षाकडून गुपचूप वार्षिक वेतन मिळत होतं. व्यंगचित्रकार म्हणजे जन्मजात बंडखोर, ही समजूत भाबडी आहे. कुंचला भाड्यानेही मिळतो.

आता या वादाची जी बाजू मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते तिच्याकडे येतो. उठाव 1857 चा. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या लंडनला पोचल्या आणि 22 ऑगस्टच्या 'पंच' या तिथल्या विनोदी साप्ताहिकामध्ये जॉन टेनिएलचं चित्र आलं: स्त्री आणि बालक यांना पायाखाली धरलेल्या बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेतोय. तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या चित्रात साक्षात न्यायदेवता तलवार घेऊन शिपायांना तुडवत निघाली आहे. इंग्लंडमध्ये सूडाची भावना चित्राआधीही होती. चित्राने तिला न्यायाचा चेहरा दिला. आणि गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी सरसकट फाशी देऊ नका, दोषी-निर्दोषी पारखा, असा आदेश काढला तेव्हा ऑक्टोबरात त्याच 'पंच'ने त्यांच्या दयेची टर उडवली. दिल्ली आणि आसपासच्या गावांत माणसं झाडांना टांगली जात होती, त्या दिवसांत एक व्यंगचित्र संयमाची थट्टा करत होतं. 'हसा आणि सोडून द्या' हे वाक्य त्या झाडांखाली उभं राहून म्हणता येईल का?

नास्टकडेही परत वळावं लागतं. ज्या 1871 साली त्याने ट्वीडला उघडं पाडलं, त्याच वर्षी त्याच 'हार्पर्स वीकली' साप्ताहिकात त्याने आयरिश माणूस माकडाच्या तोंडाचा, हातात दारूची बाटली घेतलेला काढला. कॅथलिक बिशप त्याने मगरी म्हणून काढले. त्यांच्या टोप्या म्हणजे मगरींचे वासलेले जबडे, आणि त्या अमेरिकन शाळकरी मुलांना गिळायला किनाऱ्यावर चढताहेत. हात तोच, कसब तेच, पत्र तेच, राग तितकाच प्रामाणिक. त्याच्या एका चित्राने भ्रष्टाचाराला चेहरा दिला आणि दुसऱ्याने लाखो गरीब स्थलांतरितांचा चेहरा काढून घेतला. या दोन चित्रांत फरक कसा करायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि तो न विचारताच आपण बाजू घेऊन मोकळे होतो.

नेहमीचं उत्तर असतं: बलवानावर काढलेलं ते चांगलं, दुबळ्यावर काढलेलं ते वाईट. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कारण द्वेष रेखाटणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते की आपण बलवानावरच वार करतोय. कॅथलिक चर्च आपल्या सार्वजनिक शाळा बळकावायला निघालंय असं नास्टला मनापासून वाटत होतं. न्यूरेम्बर्गहून निघणाऱ्या 'डेर श्टुर्मर'मध्ये 1925 पासून फिलिप रुप्रेख्त 'फिप्स' या सहीने ज्यूंची आकडेबाज नाकाची, लाळ गाळणारी चित्रं काढत होता आणि ती चौकाचौकांत पेट्यांमध्ये लावली जात होती. त्याच्या वाचकांची समजूत हीच होती की जगातला सगळा पैसा आणि सत्ता ज्यूंच्या हाती आहे. रवांडात 1990 नंतर 'कांगुरा' नियतकालिकाने तुत्सी या अल्पसंख्य समाजावर विखारी चित्रं छापली, तीही पुन्हा आपल्यावर राज्य करायला येणारे जुने मालक म्हणून. 1994 मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. सत्ता कुणाकडे आहे हेच जिथे वादाचं मूळ असतं, तिथे 'सत्तेवर हल्ला करा' हा नियम कुणालाही वापरता येतो.

म्हणून मी दुसरी कसोटी वापरतो. चित्राकडे बघून विचारायचं: यातल्या माणसाला यातून सुटायचं असेल तर त्याने काय करायला हवं? लुई-फिलिपने वर्तमानपत्रांवरचे खटले मागे घेतले असते तर नासपतीतला दंश गेला असता. ट्वीडने नगरपालिका लुटली नसती तर नास्टकडे काढायला काही नव्हतं. 1791 च्या जूनमध्ये सोळावा लुई वेश पालटून पळताना वारेनला पकडला गेला आणि मग राजघराणं गोठ्यात परत आणलेल्या डुकरांच्या रूपात छापलं जाऊ लागलं; चित्र क्रूर होतं, पण ते एका कृत्यावरचं होतं, आणि ते कृत्य राजाने केलं होतं. आता फिप्सच्या चित्रातल्या ज्यूला विचारा. त्याने दान दिलं, देशासाठी लढून पदक मिळवलं, धर्म बदलला, तरी ते नाक त्याला चिकटलेलंच. त्या चित्रातून बाहेर पडायची वाट फक्त एक: नाहीसं होणं. ज्या चित्रात सुटायची वाट ठेवलेली नाही ते कितीही विनोदी असलं तरी त्याला मी राजकीय टीका मानणार नाही.

ही कसोटी आपल्या घरालाही लावायला हवी. बाळासाहेब ठाकरे हे अव्वल दर्जाचे व्यंगचित्रकार होते, आणि 1960 साली निघालेलं 'मार्मिक' हे व्यंगचित्रांसाठी वाचलं जाणारं मराठी साप्ताहिक होतं. दिल्लीच्या नेत्यांवरची, मंत्र्यांवरची त्यांची चित्रं पहिल्या प्रकारात निःसंशय बसतात. मुंबईतल्या मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती हे दुखणंही खोटं नव्हतं. पण त्याच पानांवर 'वाचा आणि थंड बसा' या सदराखाली दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या गेल्या. अमुक कंपनीने भरती अन्यायाने केली, असं म्हणणं वेगळं आणि अमुक आडनावाची माणसं इथे बसली आहेत असं म्हणणं वेगळं. कंपनीला धोरण बदलता येतं. कारकुनाने आडनाव कसं बदलायचं? 1966 मध्ये पक्ष निघाला तेव्हा लोकांच्या मनात शत्रूचा चेहरा पक्का झालेला होता. व्यंगचित्राचं साप्ताहिक काय घडवू शकतं याचा यापेक्षा जवळचा दाखला मराठी वाचकाला नको, आणि हे नोंदवताना त्या रेषेची ताकद नाकारायची मला गरज वाटत नाही.

कसोटी प्रत्येक वेळी सोपी ठरते असंही नाही. 2012 च्या मे महिन्यात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून संसद बंद पडली. चित्र व्यंगचित्रकार शंकर यांचं, 1949 चं: संविधान नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसलेले, आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे. माझ्या कसोटीवर ते उत्तीर्ण होतं. विषय संविधान सभेच्या कामाचा वेग होता आणि काम पूर्ण होताच चित्र शिळं झालं. पण आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चाबूक आणि त्याच्या पुढे आंबेडकर, हे दृश्य दलित विद्यार्थ्याला जे सांगतं ते माझ्यासारख्याला सांगत नाही. चित्रकाराच्या मनात नसलेला हजारो वर्षांचा संदर्भ पाहणाऱ्याच्या मनात असतो, आणि तो तिथे आहे हे नाकारणं हा आंधळेपणा आहे. या आक्षेपाला वर्गात उत्तर द्यायला हवं होतं: हे चित्र कधीचं, का काढलं, आज ते कसं दिसतं, तुला काय वाटतं. झालं मात्र निराळंच. प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली, त्यांनी आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, आणि संसदेत सर्वपक्षीय सूर निघाला की पुस्तकांतून राजकारण्यांची सगळीच चित्रं तपासा. एका वंचित समाजाची खरी वेदना पुढे करून सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनी स्वतःची थट्टा थांबवून घेतली. आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती यातून काय लागलं?

यावर कुणी म्हणेल, कसोटी एवढी स्पष्ट असेल तर कायदाच करा. कृत्यावरची चित्रं चालतील, जन्मावरची चालणार नाहीत. इथे मी ठाम नकार देतो. कारण परीक्षक म्हणून सरकार बसतं, आणि सरकार या खटल्यात नेहमीच एक पक्षकार असतं. फ्रान्समध्ये 1830 च्या सनदेने सेन्सॉरशिप पुन्हा कधीच आणणार नाही असं वचन दिलं होतं. पाच वर्षांत राजावर अनेक नळ्यांच्या बंदुकीने प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबर 1835 च्या कायद्यांनी चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. छापलेल्या शब्दांना नाही, चित्रांना! सरकारचा युक्तिवाद असा की लिहिणं म्हणजे मत, पण चित्र थेट डोळ्यांशी बोलतं, ते कृत्यच. म्हणून सनदेचं वचन त्याला लागू नाही. हल्लेखोराचा व्यंगचित्रांशी काय संबंध होता हे कुणी विचारलं नाही. 'सध्याची परिस्थिती नाजूक आहे' हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक राजवटीने वापरलं आहे, आणि परिस्थिती नाजूक आहे की नाही हे ठरवायचा अधिकार दर वेळी तिने स्वतःकडेच ठेवला आहे.

आपल्याकडे जून 1975 मध्ये आणीबाणी आली. ऑगस्टअखेर 'शंकर्स वीकली' बंद पडलं. 1948 मध्ये त्याच्या प्रारंभाला नेहरूंनी 'मलाही सोडू नका' असं शंकरना सांगितलं होतं. निरोपाच्या लेखात शंकरनी लिहिलं की हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, कारण लोक हुकूमशहाला हसतील. त्याच डिसेंबरात 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं चित्र आलं: राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसूनच अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देताहेत, आणि आणखी असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा म्हणताहेत. आणीबाणीवर तेव्हापासून पुस्तकांची कपाटं भरली, पण सर्वोच्च घटनात्मक पद कसं रबरी शिक्का झालं हे त्या एका चौकटीइतकं चटकन कुठलंच पुस्तक सांगत नाही. 1977 च्या पराभवाचं श्रेय मी त्या चित्राला देणार नाही. ते नसबंदीच्या सक्तीला, अटकांना, उत्तरेतल्या मतदाराला जातं. पण आज आपण आणीबाणी आठवतो ती त्या टबातून, हेही तितकंच खरं.

द्वेषाच्या चित्रांना मग मोकळं रानच का? नाही. 'डेर श्टुर्मर'चा मालक-संपादक यूलियस श्ट्रायखर 1946 मध्ये न्यूरेम्बर्गला दोषी ठरला आणि फाशी गेला. 'कांगुरा'चा संपादक हसन न्गेझे याला रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने शिक्षा दिली. दोन्हीकडे पुराव्यानिशी, हिंसेच्या थेट चिथावणीसाठी, न्यायालयात निकाल झाला. मंत्रालयात बसून कुणी आधीच चित्र पास-नापास केलं नाही. ही रेघ मला मान्य आहे. तिच्या अलीकडे जे उरतं, म्हणजे ओंगळ, अन्याय्य, जन्मावर बोट ठेवणारं पण कुणाला मारा न म्हणणारं, त्याची जबाबदारी संपादकाची, सहकारी चित्रकारांची आणि आपली. ती पार पाडायची तर 'कलाकाराला प्रश्न विचारू नका' ही सवय सोडावी लागेल. चित्राला वाईट म्हणणं आणि चित्रकाराला अटक करा म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं आपण संकोचाने टाळतो म्हणून दुसरं करणाऱ्यांना मैदान मोकळं मिळतं. 2012 च्या सप्टेंबरात असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली तेव्हा त्यांची चित्रं मला सुमार वाटली होती. आजही वाटतात. राजद्रोहाचं कलम लावणं हे त्याहून कित्येक पटींनी गंभीर होतं, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाला म्हणता आली पाहिजेत.

चित्रकार पुरता एकटा पडला की काय होतं, हे ऑगस्ट 2011 मध्ये दमास्कसला दिसलं. सीरियन व्यंगचित्रकार अली फरझात यांनी लिबियाच्या गडाफीच्या पळत्या गाडीला हात करणारा आपल्या देशाचा सत्ताधीश बशर अल-असद काढला होता; बुरखाधाऱ्यांनी त्यांना गाडीतून ओढून नेलं आणि हात मोडले. हल्लेखोरांना नेमकं काय मोडायचं ते ठाऊक होतं. असदची सत्ता त्यानंतर तेरा वर्षांनी, यादवी युद्धात, शस्त्रांनी गेली. 2019 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीने एका चित्रावर ज्यूद्वेषाचा आरोप झाल्यावर चूक कबूल केली, ती योग्यच होती. पण पुढे रोजची राजकीय व्यंगचित्रं छापणंच बंद करून टाकलं. एका वाईट चित्रावरचा उपाय म्हणून सगळी चित्रं बंद! संपादकाने निवड करायची असते, त्याने निवडीचं कामच सोडून दिलं. आता चित्र कुणीही काढतो, क्षणात ते लाखो पडद्यांवर जातं, आणि सही, तारीख, संदर्भ वाटेत गळून पडतात. अशा वेळी नाव लावून, जबाबदारी घेऊन, संपादकाशी भांडून चित्र काढणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे, आणि पगारी जागा मात्र एकेक करून रद्द होत आहेत.

स्वातंत्र्याच्या बाजूच्या लोकांशी माझं शेवटचं भांडण याच ठिकाणी आहे. आपण खटला झाला की निषेध करतो आणि दंड चित्रकाराला भरू देतो. 1832 मध्ये फिलिपोनने यावर रोकडी व्यवस्था उभी केली होती: महिन्याला एक फ्रँक वर्गणी, बदल्यात दर महिन्याला एक मोठं शिळाछाप चित्र, आणि जमणारा पैसा दंड आणि खटल्यांच्या खर्चासाठी. योजना दोन वर्षं चालली आणि चोवीस चित्रं निघाली. चोविसावं दोमियेचं होतं. एप्रिल 1834 मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनें गल्लीत सैनिकांनी एका घरात घुसून सुमारे बारा रहिवासी मारले, त्यांतलं एक कुटुंब त्याने बिछान्याशेजारी पडलेलं काढलं, रेषेत जराही अतिशयोक्ती न करता. बापाच्या देहाखाली तान्हं मूल. सरकारने त्या चित्राच्या प्रती शोधून शोधून नष्ट केल्या. ज्या प्रती उरल्या आणि आज आपल्याला पाहायला मिळतात, त्या काढण्याचा खर्च महिन्याला एक फ्रँक देणाऱ्या वर्गणीदारांनी केला होता.